मंगळवारची गैरहजेरी

आमच्या घरी येणारा सगळ्यात महत्त्वाचा कागद गुलाबी असतो. मुलीच्या शाळेतून तो दर शुक्रवारी येतो आणि त्याच्या डोक्यावर 'पालकांसाठी सूचना' असं ठळक छापलेलं असतं. पूर्वी तो पांढरा होता. पांढरा कागद वह्यांमध्ये हरवतो अशी पालकांनी तक्रार केली म्हणून शाळेने तो गुलाबी केला, आणि तेव्हापासून पालक गुलाबी कागद हरवतात.

मी मात्र तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. यात मोठेपणा काही नाही, माझा धंदाच तो आहे. मी पाणीपुरवठा खात्यात सूचना लिहितो. 'तांत्रिक कारणास्तव उद्या पाणी येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते माझं. पाणी येणार नसताना नागरिकांनी नेमकं काय सहकार्य करायचं, हे बावीस वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही, यावरूनच वाक्यात किती वजन आहे ते कळतं. घरातही मी हीच शिस्त ठेवली आहे. छापून आलेलं खरं धरायचं. एकदा मी सूचना काढलेल्या दिवशी आमच्या नळाला चांगलं धो धो पाणी आलं, तर मी बायकोला ते भरू दिलं नाही. ती अजून ते काढते.

तर त्या शुक्रवारी गुलाबी कागद आला. डब्याखाली दबून आल्यामुळे त्याच्यावर तेलाचा एक गोल होता. पहिली सूचना, डाव्या पायाचा एक बूट सापडला आहे. दुसरी, पालकांनी मुलांची नखं कापावीत. तिसरी, पालकांनी फाटकात उभं राहून गप्पा मारू नयेत. असं करत करत मी सातव्या सूचनेवर आलो. 'या महिन्यात एकही दिवस न चुकता शाळेत आलेली मुले.' दुसरीच्या वर्गातून अकरा नावं होती आणि त्यांत आमच्या मुलीचं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत दुसरी यादी होती, 'एकच दिवस चुकलेली मुले', तारखेसकट. तिथे ती पहिली होती. मंगळवारी गैरहजर.

आमची मुलगी सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून तिला घरीदारी सगळे मुंगी म्हणतात. ती त्या वेळी जमिनीवर बसून रंगीत खडू डब्यातून पिशवीत आणि पिशवीतून डब्यात नेत होती. तिने कागद माझ्या आधीच वाचला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी मंगळवारी शाळेत नव्हते का?"

"होतीस की," बायको आतून म्हणाली. "मीच तुला फाटकापर्यंत सोडलं. आणि दात कुठे पडला तुझा? शाळेतच ना?"

हे खरं होतं. मंगळवारी मुंगीचा पुढचा दात वर्गात पडला होता आणि तो तिने कंपासपेटीतून घरी आणला होता.

"मग छापलं कसं?" मुंगी म्हणाली. "बाबा म्हणतो ना, छापलेलं खरं असतं." आणि जिभेने दाताची मोकळी जागा चाचपत ती बराच वेळ त्या मंगळवारचा विचार करत बसली.

मला वाईट वाटलं ते याचं. यादीत नाव नाही हे एक वेळ सोडून देता आलं असतं. पण सात वर्षांच्या पोरीला आपण त्या दिवशी होतो की नव्हतो याचीच शंका आली होती, आणि ती शंका घरचीच, मी घातलेली होती. मी ठरवलं, पुढच्या शुक्रवारच्या गुलाबी कागदावर एका ओळीची दुरुस्ती छापून आणायची. एका ओळीला असा कितीसा वेळ लागणार?

आमच्या समोरच्या दारात वकीलसाहेब राहतात. ते वकील नाहीत. एका वकिलाकडे तीस वर्षं टंकलेखन करून ते निवृत्त झाले, पण सल्ला देण्यापुरतं ज्ञान बोटांतून वर चढलेलं आहे. माझ्या हातातला अर्ज त्यांनी दारातच वाचला.

"एवढाच?" ते म्हणाले. "साध्या अर्जाने काम होऊन जातं हो. पण तेवढंच होतं. पुढे वजन राहत नाही. पुरावे जोडा. परिशिष्ट अ, परिशिष्ट ब. निदान क पर्यंत तरी गेलं पाहिजे."

मीही कागदातलाच माणूस. मला ते पटलं, हे मी आज कबूल करतो. काड्यापेटीत कापूस घालून मी मुंगीचा दात त्यात ठेवला आणि पेटीवर 'परिशिष्ट अ' असं लिहिलं. मुंगीने तो परत मिळेल का विचारलं. मी म्हटलं, पोच घेऊ. फाटकापर्यंत सोडल्याचं बायकोने दोन ओळींत लिहून दिलं, ते 'परिशिष्ट ब'.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळेत गेलो. मुंगीच्या वर्गाच्या बाई अतिशय सज्जन निघाल्या आणि तिथेच माझी पंचाईत झाली, कारण भांडायला गेलेल्या माणसाशी कुणी गोड बोललं की त्याची निम्मी वाक्यं वाया जातात.

"मी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते," बाई म्हणाल्या. "हजेरी चित्रकलेच्या सरांनी घेतली. मला खात्री आहे मुंगी आली असणार. पण पटावर फुली आहे हो."

त्यांनी हजेरीपट उघडून दाखवला. बाईंच्या फुल्या चौकटीत नीट बसलेल्या होत्या. मंगळवारची फुली मात्र भलतीच ऐसपैस होती. तिचं पोट मुंगीच्या चौकटीत होतं आणि एक पाय खालच्या चौकटीत उतरला होता. तेवढ्यात सर स्वतः रंगाचे हात पुसत आले. त्यांना मी फुलीबद्दल विचारलं.

"मी हात मोकळा सोडतो," सर म्हणाले. "रेघ अडवली की ती मरते."

मरू द्यायची होती, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बाईंनी मला कारकुनाकडे पाठवलं, कारण गुलाबी कागद तेच छापतात.

शाळेचे कारकून हे माझ्याच जातकुळीतले गृहस्थ होते. टेबलावर तीन शिक्के, एक ओला स्पंज आणि खिडकीत सुकत घातलेला रुमाल. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि भाषा चांगली आहे असं म्हणाले. मी सुखावलो. मग त्यांनी काड्यापेटी उघडली, दात उजेडात धरून पाहिला आणि पेटी मिटून माझ्याकडे सरकवली.

"दातावर तारीख नाही," ते म्हणाले.

"पण सगळ्या वर्गाने पाहिलंय."

"असेल. माझी अडचण वेगळी आहे. त्या दिवशी दुसरीत अडतीसपैकी सदतीस हजर, एक गैरहजर, असा आकडा वरच्या ऑफिसला गेलाय. आता तुमची मुलगी हजर म्हणता. मग ती गैरहजेरी मी ठेवू कुठे?"

"रद्द करा."

कारकून माझ्याकडे थोडे कीव केल्यासारखे बघत राहिले. असं मी बायकोकडे बघतो, पाण्याच्या बाबतीत.

"गैरहजेरी रद्द होत नसते, साहेब. एकदा वर गेली की गेली. फार तर दुसऱ्याच्या नावावर करता येते."

खरं सांगतो, मला यात काहीही चूक दिसली नाही. उलट एका जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्या माणसाला खातं कसं चालतं ते समजावून सांगावं, तसं मला वाटलं. मी म्हटलं, साक्षी आणतो. ते म्हणाले, आणा.

साक्षी आणायच्या तर त्या सात वर्षांच्या मुलांच्या. इथे पुन्हा बाई मदतीला आल्या. 'मंगळवारी वर्गात काय झाले' या विषयावर त्यांनी मुलांकडून पाच-पाच ओळी लिहून घेतल्या आणि मंगळवारी दुपारी गठ्ठा माझ्या हातात ठेवला. सगळ्या कागदांची पहिली ओळ एकच होती, 'मुंगीचा दात पडला.' एकाने पुढे लिहिलं होतं, 'खूप रक्त आले. मला आवडले.' मी वरचे आठ-दहा कागद वाचले, बाकीच्यांची नुसती पहिली ओळ पाहिली, सगळ्याला दोरा ओवला आणि वर 'परिशिष्ट क' लिहून कारकुनांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या सूचना लोक कसे वाचतात, ते मला त्या आठवड्यात पुढे कळलं.

त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. समोर एक बाई आणि त्यांच्या मागे लपलेली एक मुलगी. त्या मुलीने साक्षीत लिहिलं होतं, 'मुंगीने माझे खोडरबर घेतले, अजून दिले नाही,' आणि आता ते लेखी आहे, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. मुंगी म्हणाली, बदल्यात मी शार्पनर दिलंय. शार्पनर आणखी तिसऱ्याच मुलीकडे होतं. वकीलसाहेब आपल्या दारातून, कुणी विचारलेलं नसताना, वस्तूंची अदलाबदल आणि तिचे पुरावे यावर बोलले. अखेर बायकोने नवं खोडरबर देऊन प्रकरण मिटवलं आणि आत येऊन मला म्हणाली, "अहो, एका ओळीचं काम होतं ना?"

बुधवारी कारकुनांचा निरोप आला. मी गेलो तर ते चक्क खुर्चीतून उठले. सरकारी माणूस उठला की समजावं, एक तर तो घरी निघालाय किंवा त्याचं काम झालंय.

"सोय झाली," ते म्हणाले. "तुम्हीच केलीत. कमाल आहे तुमची."

त्यांनी परिशिष्टातला एक कागद वर काढून ठेवला होता. अक्षर बारीक आणि ओळी उताराला लागलेल्या. 'मुंगीचा दात पडला. मी पाहिला नाही. मला ताप होता, मी घरी होतो. बुधवारी मुंगीने मला दात दाखवला. दात छान आहे.'

हे लिहिणारा मुलगा मुंगीच्याच बाकावर बसतो. अंगाने इतका बारीक की मुलं त्याला काडी म्हणतात. पटावर त्याचं नाव मुंगीच्या बरोबर खाली. सरांच्या फुलीचा जो पाय खाली उतरला होता, तो त्याच्या चौकटीत होता. गैरहजेरी मुळात त्याची होती, आणि त्याचं नाव मात्र अकरा जणांत छापलेलं होतं.

"आता हिशेब सरळ आहे," कारकून म्हणाले. "मुलीचं नाव वर, मुलाचं खाली. आकडा जागच्या जागी." त्यांनी दुरुस्तीचा मसुदा पुढे केला. मी तो वाचला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी पेन काढलं आणि 'वगळले आहे' च्या जागी 'वगळण्यात येत आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी' असं केलं. कारकून म्हणाले, वा.

घरी येऊन मी विजयाची बातमी सांगितली. मुंगीने सगळं ऐकून घेतलं.

"मग काडीचं नाव जाणार?"

"तो नव्हताच ना गं त्या दिवशी."

"नव्हता," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने खडू हलवले नाहीत.

गुरुवारी दुपारी शेवटची सही करायला मला बोलावलं. ऑफिसात खुर्ची रिकामी नव्हती म्हणून कारकुनांनी शेजारच्या पहिलीच्या वर्गात बसून सही करायला सांगितलं. पहिलीचा बाक हा सहा वर्षांच्या माणसासाठी केलेला असतो. मी बसलो, वाकलो, सही केली, आणि उठताना माझ्या पँटीने मागून, शिवणीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, सर्वांना ऐकू जाईल असा जाहीर आवाज केला. शाळा सुटायची वेळ झाली होती. निदान साठ मुलं पाहत होती. बावीस वर्षं मी लोकांच्या नजरेआड राहून सूचना देत आलोय, असा थेट जनतेपुढे कधी आलो नव्हतो.

अर्जाची फाईल पाठीमागे धरून मी भिंतीच्या कडेकडेने फाटकाबाहेर पडलो. समोरच गणवेश शिवणाऱ्या बाईंचं दुकान आहे. त्यांनी काही न विचारता मला पडद्यामागे उभं केलं, पँट मागून घेतली आणि गुंडाळायला गणवेशाचं निळं कापड दिलं. मी तिथे निळा होऊन उभा राहिलो. मशीन सुरू झालं. पडद्याच्या फटीतून मला मशीनवरची भिंत दिसत होती आणि भिंतीवर आपला गुलाबी कागद टाचण्यांनी लावलेला होता. सातव्या सूचनेतल्या एका नावाखाली शिंपी लोक कापडावर खूण करतात त्या खडूने जाड रेघ ओढलेली होती.

"ताई, तो कागद शाळेचा ना?" मी पडद्यामागून विचारलं.

"हो, दादा. आमच्याचं नाव आलंय." मशीन चालूच होतं. "पहिल्यांदाच कुठे छापून आलं. पहिलीचं निम्मं वर्ष त्याचं अंथरुणातच गेलं. यंदा म्हणाला, आई, एकही दिवस चुकवणार नाही."

"आणि नाही चुकवला?"

मशीन थांबलं.

"खरं सांगू का, एक मंगळवार चुकला. तापाने फणफणला होता. तरी दप्तर पाठीला लावून निघाला, दारापर्यंत गेला आणि तिथेच बसला. मी उचलून आत आणला. मला वाटलं, गेलं याचं नाव. पण शाळेने तो दिवस धरला बघा. बाईंना कुणी सांगितलं असेल, पोरगं दारापर्यंत आलं होतं म्हणून." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "चांगली माणसं आहेत हो शाळेतली. घ्या, झाली पँट."

पँट चढवायला मला जरा वेळ लागला. एक तर घाई झाली होती, आणि दुसरं म्हणजे मला स्वतःची लाज वाटत होती. 'याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' संबंधितांनी पडद्याच्या पलीकडे बसून माझी शिवण पुन्हा उसवू नये म्हणून दुहेरी टीप घातली होती.

मी धावत शाळेत गेलो. शाळा सुटली होती, कारकून शिक्के ड्रॉवरमध्ये ठेवत होते. छपाई शुक्रवारी सकाळी होती.

"मला अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हटलं.

कारकुनांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच दुःख पाहिलं. "एवढा चांगला अर्ज? क पर्यंत परिशिष्टं?"

"हो."

"घेता येईल. पण कारण लिहावं लागेल. आणि ते चालणारं हवं. 'मन बदलले' चालत नाही."

"कुठलं चालतं?"

त्यांनी खूप विचार केला. "एकच आहे. 'चौकशीअंती माझी मुलगी सदर दिवशी गैरहजर असल्याचे आढळले.' खाली तुमची सही."

म्हणजे जे खोटं आहे म्हणून मी चार दिवस खेटे घातले, तेच माझ्या हस्ताक्षरात लिहून द्यायचं. मी पेन हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. व्हरांड्यात मुंगी माझी वाट बघत पायरीवर बसली होती. मी बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसलो, या वेळी शिवणीचा विचार करून, आणि तिला दुकानातलं सगळं सांगितलं. दारापर्यंत गेलेल्या दप्तराचंही.

"मग लिही ना," ती म्हणाली.

"पण तू होतीस मुंगे. मी असं कसं लिहू?"

"मी होतेच. मला आठवतं. काडीला माहितीये, बाईंना माहितीये, अख्ख्या वर्गाने लिहून दिलंय." तिने माझ्या खिशातली काड्यापेटी काढून हलवून पाहिली, आत दात वाजला. "एका कागदालाच माहीत नाही. नसू दे."

मी आत जाऊन लिहिलं. बावीस वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यात खोटं वाक्य असेल, आणि भाषेच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती. कारकुनांनी शिक्का मारला. दात त्यांनी दाखल करूनच घेतला नव्हता, त्यामुळे तो परत मागायचा प्रश्न आला नाही.

शुक्रवारच्या कागदावर नववी सूचना होती, 'मागील यादीत कोणतीही दुरुस्ती नाही.' दुरुस्तीच नव्हती तर कळवलं कशाला, असं बायकोने विचारलं. तिला या गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. वकीलसाहेबांनी मात्र आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या महिन्यात पालकसभा झाली. विषय होता, 'शाळेच्या कामात पालकांचा सहभाग'. मी ऑफिसातून लवकर निघून गेलो, अगदी पहिल्या रांगेत बसलो आणि मुख्याध्यापिकांचं पाऊण तासाचं भाषण पार शेवटापर्यंत बसून ऐकलं. शुक्रवारी गुलाबी कागद आला. चौथी सूचना, 'सभेस गैरहजर राहिलेले पालक'. पहिलं नाव माझं होतं.

मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. ऐसपैस फुली माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. सभेची हजेरी कुणी घेतली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण ठळक अक्षरांत छापलेलं होतं ते, आणि जुनी सवय एका महिन्यात जात नाही. मी त्या संध्याकाळचा सगळा क्रम मनात लावून पाहिला. पहिली रांग, पंख्याचा आवाज, मुख्याध्यापिकांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा काही केल्या आठवेना.

"मुंगे," मी हळूच विचारलं, "मी होतो ना गं सभेला?"

तिने खडूंचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"होतास, बाबा," ती म्हणाली. "मी खिडकीतून पाहिलं. तू झोपला होतास."

या बाबतीत मी कुठलाही अर्ज केलेला नाही.